पाळीच्या पुढचा रस्ता

माय, मी सायकल शिकले. हसू नकोस. तू गेलीस तेव्हा तुझे केस काळेभोर होते आणि माझे आता पांढरेफटक झालेत, म्हणजे तसं पाहिलं तर तूच माझ्या लेकीच्या वयाची. पण तुला लिहायला बसले आणि मी परत दोन वेण्या घालणारी झाले. मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंतची शाळा, त्यामुळे कागदावर बाईंनी शिकवलं तसं लिहिते, बोलताना मात्र आपलंच बोलते. मधे मधे ते घुसलं तर घुसू दे.

सायकल नातीची. तिला शाळेत असताना मिळाली होती, पुढे टोपली असलेली, मुलींची. ती नर्सिंग शिकायला भंडाऱ्याला गेली आणि सायकल गोठ्यात पडून राहिली. टोपलीत आमच्या तांबड्या कोंबडीनं संसार मांडला. मी सायकल बाहेर काढली तेव्हा ती कोंबडी माझ्या मागं मागं ओरडत फिरली, जसा काही मी तिचा सातबारा माझ्या नावावर करून घेतला. सुनेनं विचारलं, "मामी, सायकल कायले धुऊन राहिल्या?" मी म्हटलं, "बसाले." ती आत जाऊन तोंडाला पदर लावून हसली. मला ऐकू आलं. कान अजून चांगले आहेत माझे, तुझ्यावर गेलेत.

आता हे कशासाठी ते सांगते. नातीच्या कॉलेजची पोरं-पोरी आणि आणखी बरीच मंडळी मोहाडीहून भंडाऱ्यापर्यंत सायकलनं जाणार आहेत. त्या निमित्तानं लोक जे देतील ते कॅन्सरच्या पेशंटसाठी. नागपूरला महिना महिना राहावं लागतं, राहायला जागा नसते, सोबत आलेलं माणूस कुठंतरी भिंतीला टेकून झोपतं, त्यांच्या राहण्या-जेवणासाठी. बघ, कॅन्सर असं मी सरळ लिहून टाकलं. नात तर हा शब्द बटाटा म्हणावं तसा म्हणते. तुझ्या वेळी आपल्या घरात तो कोणी उच्चारला नाही. बाबा विचारणाऱ्याला सांगायचे, "पोटाचं आहे जी थोडंसं." आजूबाजूच्या बाया आवाज खाली करून "ते दुखणं" म्हणायच्या आणि माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. मला वाटायचं, पोटाचं आहे म्हणजे भूक लागत नसेल. म्हणून मी पेजेत मीठ जास्त घालायचे, चव यावी म्हणून. तू पाटावर बसून ती खारट पेज प्यायचीस आणि म्हणायचीस, "आज त समुद्रच आणला वं पोरी." आपण दोघींनी समुद्र पाहिला नव्हता. मी तर अजूनही नाही.

आणि तो रस्ता. सकाळ आहे, अंगणात धुकं आहे, बाबा सायकल धरून उभे आहेत. कॅरिअरवर पोत्याची घडी बांधली आहे, तुला टोचू नये म्हणून. तू एका बाजूला पाय सोडून बसतेस, एका हातानं सीटखालची स्प्रिंग धरतेस, दुसऱ्या हातात पिशवी. मोहाडीला एसटी पकडायची, मग भंडारा, मग नागपूर. बाबा पायडल मारतात आणि मी मागं धावते. गावाबाहेर तलाव लागतो, रस्ता त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढतो. ती चढण बाबांना तुला बसवून चढवत नाही, तरी ते तुला उतरू देत नाहीत, स्वतः उतरून सायकल ढकलतात. म्हणून तिथं मी तुला गाठते. मी रडत असते आणि धावतही असते. तू वळून माझ्यावर खेकसतेस, "पळाचं त पळ, रडाचं त रड! दोन्ही संगं करशील त दम लागन." मी रडणं सोडून देते, कारण मला पळायचं असतं. पण पाळीवर पोचलो की तू म्हणतेस, "बस. आता इथून घरी." मग बाबा परत सायकलवर बसतात, उतार लागतो, आणि तुम्ही दोघं पळसाच्या झाडांपर्यंत दिसता आणि मग दिसत नाही. दर वेळी पाळीपर्यंतच. त्याच्या पुढं तू मला कधी येऊ दिलं नाहीस.

परत यायचीस तेव्हा पदराच्या गाठीत पाव असायचा. दवाखान्यात सकाळी दुधासोबत द्यायचे तो. तू खायची नाहीस, राखून आणायचीस. आपल्या गावात तेव्हा पाव कोणी खाल्ला होता! चुरगळलेला, दबलेला, औषधाचा वास लागलेला. मी चुलीजवळ बसून एकेक तुकडा तोंडात विरघळवायचे आणि तू बघत बसायचीस. मला वाटायचं नागपूर म्हणजे असं गाव जिथं सगळ्यांना पाव देतात. पाळीवर उभी राहून मी तुझी वाट पाहायचे की पावाची, हे मलाही नीट सांगता येत नाही. लहान होते. तुला ठाऊक असणारच, म्हणून तर आणायचीस.

एवढ्या वर्षांत मी त्या रस्त्यानं हजारदा गेले. बाबांनी मला गावातल्या गावातच दिली, तर रस्ता तोच. बैलगाडीनं गेले, काळीपिवळीनं गेले, लेकाच्या मोटारसायकलवर गेले. मोहाडीच्या बाजाराला, तहसीलला, बाळंतपणाला. पण नेहमी बसून. कोणाच्या तरी मागं, एका बाजूला पाय सोडून, तुझ्यासारखी. स्वतःच्या पायांनी पाळीच्या पुढं मी कधी गेले नव्हते. नातीनं जेव्हा सांगितलं की सायकलवर जायचंय आणि आपल्या गावातून आधी मोहाडी गाठायची, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण येतो." तिला वाटलं मी गंमत करते.

शिकले मी आमच्या खळ्यात. धान मळून झालं होतं, जागा सपाट होती, पडलं तर खाली मऊ तणस. साडीच्या आतून नातीची सलवार घातली. माझी जाऊ, धाकटी, ती हे बघायला आली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पोराची सायकल घेऊन आली. तिसऱ्या दिवशी आमच्यासोबत रोवणीला, धान लावायला, येणाऱ्या आणखी दोघी. त्यातल्या एकीला येत होती चालवता, लपवून ठेवलं होतं इतकी वर्षं. तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. नात दर रविवारी यायची आणि आमची परीक्षा घ्यायची. शिट्टी, डोक्याला टोपी, पाण्याची बाटली, काय न् काय.

पहिल्यांदा रस्त्यावर निघालो त्या दिवसाचं सांगते. आम्ही चौघी. नात पुढं. थोड्या वेळानं तिनं मागं वळून बघितलं तर आम्ही चौघी एका ओळीत, रस्ताभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. अगं, जन्मभर रोवणी केली, ओळ मोडायची नाही हे हाडात बसलेलं. रोवणी करताना आपण काय करतो, डोळा शेजारणीच्या हातावर, ती पुढं नको, आपण मागं नको. तसंच इथं. मी जावेकडे बघते, जाऊ माझ्याकडे, ती तिसरीकडे. मागून ट्रॅक्टर भोंगा वाजवून राहिला आणि आमच्यातली एकही ओळ सोडेना. आणि सायकलचं तर तुला माहीत नसेल, जिकडं बघशील तिकडं ती जाते. मी जावेकडे सरकले, जाऊ माझ्याकडे.

"बाई, तुमी काहून माह्या अंगावर येऊन राहिल्या?"

"मी कोठी येऊन राहिली? तूच सरकून राहिली!"

हँडलात हँडल अडकलं. आम्ही दोघी पडलो, आमच्यावर तिसरी, आणि चौथी, जी अजून सरळ होती, ती म्हणे आपणच एकटं उभं कसं राहायचं, म्हणून उतरून बांधावर बसली. ट्रॅक्टरवाला खाली उतरला. त्यानं सायकली उचलल्या आणि म्हणाला, "मावशी, धान लावून राहिल्या का डांबरात?" माय, मी इतकी हसले, इतकी हसले, की उठताच येईना. नात डोक्याला हात लावून उभी. "आजी, एकामागं एक! एकामागं एक चालवा!" जाऊ म्हणाली, "एकामागं एक चाललो त बोलाव कोणासंगं?" शेवटी असं ठरलं की पुढचीनं ओरडून बोलायचं आणि मागचीनं ओरडून उत्तर द्यायचं. आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी आता धानाच्या बांध्यांना माहीत झाल्यात.

गुडघा सुजला तेव्हा लेकाचं डोकं फिरलं. तो दुचाकी लावून आला आणि ओसरीवर उभा राहूनच बोलला, "आई, या वयात पडली त कंबर मोडन. मंग कोण करन तुह्यं? त्या दिवशी सोबत गाडी राहणार आहे, तू त्यात बस. केळं वाट."

"मी काय केळं वाटाले जाऊन राहिली?"

"मंग कायले जाऊन राहिली?"

मला सांगताच आलं नाही. तो तुला ओळखत नाही ना. त्याच्या लेखी तू भिंतीवरचा फोटोसुद्धा नाहीस, तुझा फोटोच नाही. मी उठून गुडघ्याला हळद लावत बसले. तेव्हा नातच मधे पडली. ती बापाला म्हणाली, "बाबा, एक कर. पुढच्या रविवारी आजी इथून मोहाडीपर्यंत येईल. पाळीच्या चढावर उतरली, तर गाडीत बसेल. नाही उतरली, तर चालवेल." लेक म्हणाला, "मी मागून मोटारसायकलवर राहीन." त्याला पक्कं वाटत होतं मी उतरणार. मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. खळ्यात चढ थोडाच असतो.

तो आठवडा मी काही सुचू दिलं नाही कोणाला. रोज सकाळी पाळीपर्यंत जायचे, अर्ध्या चढावर पाय टेकायचा, परत यायचे. पाय टेकला की तू आठवायचीस. अगदी त्याच जागी, बाबांच्या मागं, वळून बघणारी. मला वाटायचं तूच थांबवतेस की काय, बस, आता इथून घरी.

रविवार आला. धुकं होतं. नात पुढं, मी तिच्या मागं, माझ्या मागं जाऊ आणि त्या दोघी, सगळ्यात मागं लेकाच्या गाडीची फटफट. चढ लागला. जाऊ मागून ओरडून तिच्या सुनेनं पाहुण्यांसमोर काय केलं ते सांगत होती, आणि नात पुढून ओरडली, "आजी, आता बोलायचं नाही, नुसतं चालव!" सायकल इतकी हळू झाली की डोलायला लागली. मांड्या जळत होत्या. अर्धा चढ गेला, पाय टेकायची जागा गेली. मागून मोटारसायकल बंद पडल्याचा आवाज आला आणि लेकाचाच आवाज आला, "मार आई, मार! झालंच आता! मार!" असा तर तो शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, ओरडतो. मी मारला. आणि मग एकदम पायडल हलकं झालं.

उतार होता, माय. वारा तोंडावर, पदर उडतोय, एका बाजूला तलावाचं पाणी, आणि मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मला माहीत नाही, जाऊ म्हणते मी कोंबडीसारखी ओरडत होते. ब्रेक दाबायचा असतो हेही विसरले. नातीच्या पुढं निघून गेले. पळस मागं गेले, कालव्याचा पूल मागं गेला, दोन गावं गेली, शाळेची पोरं टाळ्या वाजवत पळाली. मोहाडीला पोचलो. टपरीवर चहा घेतला. लेकानं स्वतः उठून मला बिस्किटं आणून दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडीत केळं वाटाले दुसरं कोणी पाहू."

परवा नातीनं सगळ्यांना निरोप दिला. आपण ज्या माणसासाठी सायकल चालवतोय त्याला चार ओळी लिहायच्या, भंडाऱ्याला पोचल्यावर तिथं सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. "आजी, तू पणजीला लिही," म्हणाली. म्हणून बसले होते. चार ओळींचं एवढं झालं. पण हे मी तिला देणार नाही. तिला मी वेगळं लिहून देईन, तुझं दुखणं, बाबांची सायकल, पोत्याची घडी, ते ऐकून लोकांचे डोळे भरतील आणि ते योग्यच होईल.

हे देत नाही कारण इतक्या लोकांसमोर हे कसं वाचायचं. पाळीच्या पुढं तुझ्यासोबत जायचं म्हणून मी हे सगळं केलं, गुडघा फोडला, लेकाशी भांडले. आणि तो उतार लागल्यापासून मोहाडीच्या टपरीपर्यंत मला तू एकदाही आठवली नाहीस. चहाचा अर्धा कप संपल्यावर आठवलीस. त्याच्या आधी मी नुसती सायकल चालवत होते, माय, आणि मला फार मजा येत होती.