चंदनी हार धाकट्या भावाला

मी, वसुंधरा श्यामराव लांजेवार, वय ४८, टाइपिस्ट, राहणार जुनवानी, भिलाई, जिल्हा दुर्ग, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व स्वखुशीने लिहून ठेवते. मी रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. माझा धाकटा भाऊ अरुणकुमार याने कोर्टात जाण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

१. जुनवानीचे घर, प्रॉव्हिडंट फंड आणि बँकेतली रक्कम प्रेमला देवीदास धोटे हिची. तिला आजवर मी घरच्यांपुढे 'मैत्रीण' म्हणत आले. यंदा पितृपक्षात, भावाकडे जेवणाच्या पानावर, मी खरे सांगितले: हा माझा संसार आहे, आणि दुसरा होणार नाही.

अरुणकुमार म्हणाला, "तू बी आत्यासारखीच निघाली. तिले मेली म्हणून सांगतलं, तुलेही सांगू."

मी विचारले, "सांगतलं म्हंजे?" सगळे भिंतीवरच्या कमलिनी आत्याच्या तसबिरीकडे पाहू लागले. शेवटी आई बोलली, "जित्ती आहे. भिलाईतच, खुर्सीपारले रायते."

आत्याने शेवंता नावाच्या बाईबरोबर घर मांडले, म्हणून माझ्या बाबांनी ती वैनगंगेत वाहून गेल्याचे गावभर सांगितले होते. मी लहान होते, रडून रडून आजारी पडले. मोठेपणी दर पितृपक्षात तिच्या आवडीची म्हणून पाटवडी मीच करून कावळ्याला ठेवत आले. शेवंता वारली तेव्हा बाबा इथेच भिलाईत, पोलाद कारखान्याच्या सेक्टरात राहत होते, पण गेले नाहीत. मरताना त्यांनी हे मुलाला सांगितले, मला नाही. त्यांना मी माफ करत नाही.

२. ती तसबीर मी त्याच दिवशी भिंतीवरून काढली आणि खुर्सीपारला नेली. आत्याने मला दारातच ओळखले. पाटवडीचे ऐकून म्हणाली, "मले तं ते कधी आवडतच नव्हती, बाई." तसबीर तिने ठेवून घेतली. तसबिरीवरचा चंदनी हार अरुणकुमारला देते. याखेरीज त्याला काहीही नाही.

३. आईवर राग आहे आणि तो राहील. तरी तिच्या औषधपाण्याला प्रेमलाने कमी पडू देऊ नये. माझी लोकरी शाल आईला द्यावी, तिला थंडी फार बाधते.

४. मला अग्नी प्रेमला देईल. अरुणकुमारने माझे पिंडदान करू नये, पान वाढू नये. मी जिवंत असताना त्याने मला मेलेली सांगितल्यास हा कागद चारचौघांत वाचून दाखवावा.

५. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून आत्याच्या नावे काही ठेवलेले नाही. मी तिला विचारले. ती म्हणाली, "मले काही नको. सही करू दे."

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला व सही केली.

भिलाई, ११ ऑक्टोबर १९८७

(सही) वसुंधरा श्यामराव लांजेवार

साक्षीदार:

(सही) तेजराम साहू, शेजारी, राहणार जुनवानी

(सही) कमलिनी धोंडबा लांजेवार, वय ६६, हयात, राहणार खुर्सीपार