उजवीकडचा खोका

कोल्हापूर,
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९८४

चि. वसंतभावजी यांस,

तुम्हाला, विमलाला आणि मुलांना वहिनीचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. ठाण्याला थंडी ओसरली असेल.

रविवारची सकाळ होती. दूध तापवून झाकून ठेवलं होतं, चिंच लावून पितळेची भांडी घासली होती, आजऱ्याचे तांदूळ निवडून झाले होते. हात पुसून मी तुमच्या दादांच्या खुर्चीत बसले आणि रेकॉर्ड लावली. त्या सकाळचंच लिहायचं आहे, पण आधी कामाचं सांगते.

तुम्ही लिहिलंत की दुकानदारानं महागाची तार गळ्यात मारली, त्याला जाब विचारायला जाणार. जाऊ नका. तार चांगली आहे. दुसरी आणूही नका.

संक्रांतीला तुम्ही ती जाड जपानी तार स्पीकरच्या उजव्या खोक्याला जोडलीत आणि डाव्याला ह्यांची जुनी दिव्याची वायर तशीच ठेवलीत. "वहिनी, महिनाभर ऐका आणि खरं सांगा," म्हणालात. तुम्हा भावांचं ते भांडण किती वर्षं ऐकलं मी! तुम्ही म्हणायचात, "दादा, एवढा ॲम्प्लिफायर हातानं बनवलास आणि वायर मांडवातली?" आणि हे म्हणायचे, "तांबं ते तांबं. आवाज काय वायरीची किंमत विचारून पुढं जातो?" आता ते नाहीत, म्हणून तुम्ही निकाल माझ्यावर सोपवलात. तुमच्यासमोर मी "छान वाटतंय" म्हणाले, ते तुमच्या तोंडाकडे बघून. मग पत्रात लिहिलं की नव्या तारेनं उजवा खोका मुका झाला.

तर रविवारी मी ऐकत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या गौराबाई विरजण मागायला आल्या. मी त्यांना तारांची गोष्ट सांगितली.

"वायरनं आवाज बदलतोय?" त्या म्हणाल्या. "मग आमच्या मालकास्नी बी एक जोडा की वैनी. घोरणं तरी गोड हुईल."

हसत हसत दोघींनी बटण बंद करून तारांची अदलाबदल केली. जुनी उजवीकडे, नवी डावीकडे. तरी गाणं डावीकडूनच आलं. म्हणजे तारेत दोष नाही, खोकाच बिघडला, असं मी धरलं. मग खोक्यांची जागा बदलली. गौराबाईंनी ते पोत्यासारखे कवेत उचलले. तरीही गाणं डावीकडूनच. मी म्हटलं, ॲम्प्लिफायरचीच उजवी बाजू गेली.

"कुटं गेलीय? दोन्ही खोकी बोंबलत्यात की!"

मी उठून उजव्या खोक्यावर हात ठेवला. पुढचं कापड थरथरत होतं.

उलटसुलट करून बघायची आता एकच गोष्ट उरली होती. मी खुर्ची फिरवली आणि खोक्यांकडे पाठ करून बसले. मघाशी मुका वाटलेल्या खोक्यातून गाणं यायला लागलं. म्हणजे पुन्हा माझ्या डावीकडूनच.

गौराबाईंना म्हटलं, बघू, कुणाला तरी दाखवू. त्या विरजण घेऊन गेल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. गौराबाईंना दोन्ही तारा सारख्याच वाटल्या. "एक गोरी, एक काळी, गळा एकच," असं त्या म्हणाल्या. सातवीनंतर जे वाचलं ते माझं मी वाचलं, तसं हेही वाचनालयातून इंग्रजी पुस्तक आणून शब्दकोश घेऊन वाचलं. तार फार बारीक आणि फार लांब असली तर आवाज पडतो. आपल्या एवढ्याशा खोलीत तो फरक कानाला कळायचा नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण हे जिंकले.

मागच्या आठवड्यात शाहूपुरीत एक सायकलवाला अगदी अंगावर आला. "आज्जी, घंटी ऐकू येत न्हाय व्हय?" म्हणून ओरडला. मला राग आला. घंटी वाजवलीच नाही आणि वर तोंड करतोय, असं वाटलं.

भावजी, त्यानं वाजवली असणार. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही.

कधीपासून, ते सांगता येत नाही. हे नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायचे. जेवताना, रेडिओपाशी, अंगणात, कुठंही. ते गेल्यापासून ती बाजू शांत आहे, हे मला कळत होतं. माणूस गेलं की तसं होतच असेल, असं समजून मी कुणाला विचारलंही नाही.

आता खरी काळजी डाव्या कानाची आहे. त्यात शिट्टी वाजल्यासारखं होतं. कुकर झाला म्हणून धावत गेले, तर स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता. हाही गेला तर दार वाजलेलं कळायचं नाही, कुणी हाक मारलेली कळायची नाही. तुम्ही तर ठाण्याला चला म्हणून मागे लागलाच आहात. बहिऱ्या बाईला एकटीला कोण राहू देईल? म्हणून वाटलं, तारेवरच ढकलून द्यावं. तुम्ही दुसरी आणाल, मी पुन्हा छान म्हणेन, आणि हे घर माझ्याकडे राहील. पण तुम्ही त्या दुकानदाराच्या दारात जाऊन उभे राहणार, तो बिचारा शपथा घेणार, हे डोळ्यांपुढून जाईना.

पत्र वाचून लगेच बांधाबांध ठरवू नका. आधी माझ्याशी बोला. समोर बसून बोललात तर मला अजून सगळं कळतं.

सोमवारी सकाळी मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि मिरजेला जाऊन मोठी तपासणी करून घ्या म्हणाले, उशीर नको, बरोबर घरचं माणूस हवं. घरचं कोण आहे, हे त्यांनी एकदा विचारलं असावं. मग ते माझ्यासमोर येऊन पुन्हा विचारू लागले. मी तुमचं नाव सांगितलं.

तुमची वाट बघते.
कालिंदीवहिनी