अनीसचा बंदोबस्त

३ नोव्हेंबर

पडद्यावरचा बाण आज पुन्हा आपोआप चालला! माऊसला माझा हातसुद्धा लागला नव्हता. माझा मुलगा अनीस तिकडे परदेशात, लियोंमध्ये बसून माझ्या घरातला लॅपटॉप चालवतो. हे उघडलं, ते पुसलं, हे बंद केलं. मी आपली मोडका पाय स्टुलावर ठेवून बघत बसते — माझ्याच घरात पाहुणी.

"उम्मी, कशाला हात लावू नकोस. मी साफसफाई करतोय."

माझ्या स्वयंपाकघरात मी कधी कुणाला साफसफाई करू दिली नाही. आणि आता हे.

पासवर्ड नवा आहे. मला सांगितलेला नाही. "तू तो कागदावर लिहून फ्रीजला चिकटवतेस." चिकटवला होता, खरं आहे.

५ नोव्हेंबर

सगळं त्या पार्सलमुळे. पोस्टाच्या नावाने निरोप आला — तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा. दाबलं. कार्डाचा नंबर मागितला, दिला. पेन्शनचं खातं धुऊन निघालं. त्या चिंतेत न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. अनीस आला, आठवडाभर राहिला, फोनचा नंबर बदलून गेला. नवा नंबर फक्त त्याला, दवाखान्याला आणि खालच्या दोर्राला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे माझ्यापर्यंत कुणी पोचायचं नाही आणि मी कुणापर्यंत जायचं नाही.

दर रविवारी धडा घेतो.

"घाई करतो तो कोण?"

"चोर."

"कुणाला सांगू नकोस म्हणतो तो कोण?"

"चोर."

"शाबास."

शाबास! आयुष्यभर मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये या स्फाक्सच्या लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. मनात आणलं असतं तर सगळ्या शहराची भांडणं ऐकली असती. कान लावला नाही. आणि लॅपटॉपवर येणारं माझं टपाल माझ्याआधी मुलगा वाचतो.

९ नोव्हेंबर

पाय ठणकतोय. बेटावर जाणाऱ्या बोटीचा भोंगा ऐकू येतो. बाकी काही नाही.

१४ नोव्हेंबर

चष्मा पुसून तीनदा वाचलं.

लॅपटॉपवर टपाल उघडलं तर — "वसीला, मी बेया. पोटाचं ऑपरेशन ठरलंय, अगदी तोंडावर आलंय. तुझा जुना फोन लागत नाही. त्याआधी एकदा माझ्याशी बोल. अनीसला सांगू नकोस, तो मध्ये पडेल."

बेया. माझी धाकटी बहीण. समोरच केर्केन्नाह बेटावर राहते, बोटीने जेमतेम तासाभराची वाट. आई गेली तेव्हा भरल्या घरात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आईला शहरात नेऊन तूच मारलंस." त्या दिवशी तिचा नंबर मी फाडून टाकला. नऊ वर्षं झाली.

घाई आहे. कुणाला सांगू नकोस आहे. अनीसच्या धड्यातल्या दोन्ही खुणा!

पण "वसीला" असं नुसतं, पुढे-मागे काही न लावता, तीच लिहील.

१५ नोव्हेंबर

दोर्राला दाखवलं. दोर्रा खालच्या मजल्यावर नवऱ्यामुलींचे कपडे शिवते, मला पाव आणून देते, आणि कॉम्प्युटरमधलं तिला माझ्यापेक्षा पुष्कळ कळतं.

"खाला, नाव बघायचं नाही. नाव काय, कुणीही लावेल. नावाखालचा पत्ता बघायचा." बघितला. बेयाच्या मुलीचं नाव, पुढे आकडे. असेलही, नसेलही. "मग असं काहीतरी विचारा जे तिलाच माहीत असेल. आणि तिथे काही दाबायचं नाही, काही पाठवायचं नाही."

मी विचारलं — विहिरीत काय पडलं होतं, आणि मार कुणी खाल्ला?

जाताना दोर्राने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. "झोपायच्या खोलीत हा डोळा कशाला उघडा?" किती बरं वाटलं. डोक्यावरचा रुमाल सोडून बसले.

१७ नोव्हेंबर

आलं उत्तर!

"बाबांचं घड्याळ. पाडलं मी, मार तू खाल्लास."

खूप रडले.

१८ नोव्हेंबर

अनीस दोनदा चिडला. आधी चिकटपट्टीवरून. "तू पडलीस तर मला कळणार कसं?" काढली मग. रुमाल पुन्हा बांधला.

मग बेयावरून.

"तिने काही मागितलं?"

"नाही."

"मागेल. आधी रडतात, मग मागतात."

"अरे, उत्तर बरोबर दिलं तिने!"

"उम्मी, ती घड्याळाची गोष्ट तू दर लग्नात सांगतेस. अर्ध्या बेटाला तोंडपाठ आहे ती."

सांगते खरी.

"नऊ वर्षांत बेयाखालाने एक शब्द लिहिला नाही. आणि आत्ताच बरी आठवण झाली? तुझं खातं लुटल्यावर? त्यांच्याकडे तुझा पत्ता गेलाय आता. मी करतो बंदोबस्त."

बेया वाटली होती ती म्हणजे कुणीतरी टोपी घातलेला चोर पोरगा असेल कुठे तरी, हसत असेल — असंही वाटलं. मेलं, कशावरच विश्वास बसेना.

२० नोव्हेंबर

बेयाचं टपाल नाही. माझा प्रश्न नाही, तिचं उत्तर नाही. शोधून शोधून थकले.

अनीसला विचारलं, काय केलंस?

"ते लोक पुन्हा लिहिणार नाहीत. अशांना बंद करायचा एक उपाय असतो. तू नको डोकं शिणवूस."

२७ नोव्हेंबर

दोर्रा म्हणाली, दुसऱ्या वाटेने खात्री करू. तिचा मासेवाला बेटावरचा. त्याला विचारलं. बेयाच्या घराला कितीतरी दिवस कुलूप आहे म्हणे. कुठे गेली, शेजाऱ्यांना ठाऊक नाही.

म्हणजे ऑपरेशन खरं! नाहीतर — नाही, ते लिहीत नाही.

अनीस म्हणतो, "घराला कुलूप, एवढ्यावरून टपाल तिनेच लिहिलं असं कुठे ठरतं?"

नाही ठरत. त्याचं बरोबर आहे. त्याचं नेहमीच बरोबर असतं, तेच तर! एखादं तरी चुकीचं बोलला असता तर भांडले असते.

२ डिसेंबर

आज काठी घेतली, बुरखा घेतला आणि निघाले. बंदरावर जायचं, बोटीत बसायचं, बेटावर दार वाजवायचं. कुणी उघडलं नाही तर शेजाऱ्यांना हलवायचं.

एक मजला उतरले. पाय आखडला. खाली जाता येईना, वर चढता येईना. पायरीवर बसून राहिले. भोंगा झाला. बोट गेली.

दोर्राने आणि तिच्या गिऱ्हाइकाने धरून वर आणलं. आत येते तोच लॅपटॉपमधून हाका — "उम्मी! उम्मी! कुठे होतीस इतका वेळ?"

"जिन्यात."

"जिन्यात!" आणि रडायलाच लागला. एवढा मोठा मुलगा. "मला इथे झोप लागत नाही गं. कामावर असलो तरी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत असतो."

असल्या मायेला काय करायचं? शिवी देता येत नाही. दूर लोटावी तर रडते.

जाऊन त्या खुर्चीत बसले.

८ डिसेंबर

आज दिवसभर बाण हलला नाही. मी त्याची वाट बघत होते. लाज वाटली.

११ डिसेंबर

बेल वाजली. दोर्रा असेल म्हणून उघडलं.

बेया! मान खाली, डोक्यावर पांढरा शेला, एक हात पोटाच्या टाक्यांवर दाबलेला. न बघताच म्हणायला लागली, "अल्ला तिला जन्नत देवो, माझी बहीण फार—" आणि वर बघितलं.

किंकाळीने सगळा जिना बाहेर आला. ती पायरीवर बसलीच.

"अगं, तुझ्याच पत्त्यावरून आलं! 'वसीला वारली. दफन झालं. पुन्हा लिहू नका.' मी ऑपरेशनमधून उठून चालायला लागेपर्यंत मुलीने माझ्यापासून लपवलं. काल सांगितलं."

हा बंदोबस्त!

मागे टॅक्सीवाला हातात मोठं पातेलं धरून, धापा टाकत उभा. "बाई, मयत कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "या, आत ठेवा."

आम्ही लॅपटॉपसमोरच बसलो, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात. बघू दे त्याला. वाळवलेला ऑक्टोपस घातलेलं रव्याचं कुसकुस, आई करायची तसंच. माझ्याच मयताचं जेवण मी पोटभर जेवले.