कडी न लावलेल्या पेशी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार (बसूनच घातलाय असं समज, एकदा उठले की मी लॅबभर येरझाऱ्या घालत सुटते). तू कशी आहेस? काकांचा खोकला? तुझं पोट? (पोटाचं आपलं सहजच.)

इकडे माझा नुसता जीव वर-खाली होतोय. मी माणसाच्या कातडीतल्या पेशींवर काम करते ना, त्या म्हणजे पहारेकरीच गं. काटा टोचला, जंतू शिरला, की प्रोटीनचे निरोप सोडतात: धावा, इथे गडबड आहे! मग तिथे लाल होतं, सुजतं, खाजतं. (बघ, लिहितानाच मानेला खाज सुटली.) कुणाच्या तरी ऑपरेशनमध्ये काढून टाकलेला कातडीचा एक तुकडा आम्हाला महामुश्किलीने मिळाला होता. मी त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या, डिवचल्या, धुतल्या, रंगवल्या, मशीनमध्ये घातल्या. कुठल्या पेशीच्या आत किती निरोप आहेत ते मशीन दाखवतं. आणि आलं काय, तर शून्य! सगळ्या रिकाम्या! मला वाटलं, शोधच लागला. "मॅडम, माणसाची कातडी मुकी असते!" असं ओरडत मी त्यांच्या केबिनमध्ये घुसले (त्या जेवत होत्या).

मॅडमनी घास खाली ठेवला. "कडी लावली होतीस का?"

कडी म्हणजे एक औषध. ते घातलं की निरोप पेशीतच अडकतात आणि मोजता येतात. नाहीतर पेशी ते बनवतात आणि लगेच बाहेर सोडून मोकळ्या होतात. मी तेच विसरले. बिचाऱ्या जिवाच्या आकांताने बोंबलत होत्या, आणि त्यांचं सगळं बोलणं मी धुऊन सिंकमध्ये ओतलं.

आता नवी कातडी मिळाली नाही तर माझं काम आमच्या सिनियरकडे जाणार. तो आत्तापासूनच माझ्या खुर्चीत बसून उंची कमी-जास्त करून बघतोय.

बाकी सगळं मजेत. काकांना नमस्कार.

तुझीच,
टकळी

ता. क. : वजन उतरल्यावर सैल पडलेली पोटाची कातडी तू काढून घेणारेस म्हणे. ती तशीही टाकूनच देतात. मला देशील? सही तेवढी तुझी लागेल, डॉक्टरांशी मॅडम बोलतील. या वेळी आधी कडी, मग बाकी सगळं, आईशप्पथ.

ता. क. २ : आईने हे मला "कुणाला बोलू नकोस" असं बजावूनच सांगितलं होतं. मी कुणालाच नाही बोलले. फक्त मॅडमना. आणि सिनियरला, त्याने खुर्ची सोडावी म्हणून.

ता. क. ३ : फ्रिजमधला एक कप्पा मी अडवून ठेवलाय. वर चिठ्ठी लावलीय: 'मावशीचं पोट. हात लावू नये.' घाबरू नकोस, खाली तुझं नाव नाही टाकलं. फक्त आडनाव.