निरीक्षणासाठी घेतलेली नोकरी

३ ऑक्टोबर २०१७, विनिपेग, कॅनडा
ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशियर म्हणून लागलो त्याला वर्ष होत आलं. 'लागलो' हा शब्द चूक. कॉलेजात समाजशास्त्र शिकवलेला माणूस नोकरीला लागत नाही, तो आतून निरीक्षण करतो. रिसर्च पेपरचा विषय पक्का: बदलतं काम आणि माणूस. आजपासून रोज लिहायचं.

११ ऑक्टोबर
लिहिलं नाही. उभं राहून पाय सुजले. यावर वेगळं प्रकरण होईल.

१९ ऑक्टोबर
सेल्फ-चेकआउट मशिन्स येणार, म्हणजे गिऱ्हाइकांनीच आपलं बिल करायचं! ब्रेकरूममध्ये सगळ्यांचे डबे अर्धेच राहिले. शेजारच्या काउंटरवरची तेरेसा, मूळची वसईची, म्हणाली, "सर, तुम्ही हेच शिकवायचात ना? मिटिंगमध्ये आमच्या वतीने बोला." सगळ्यांनी माना डोलावल्या. ओळखलं लोकांनी अखेर.

२६ ऑक्टोबर
जोरदार बोललो. यंत्र आलं की कसब माणसाच्या हातून निघून यंत्रात जातं, आणि उरलेलं काम गिऱ्हाईक फुकटात करतं, वगैरे. मॅनेजर कॉन्रॅड मन लावून ऐकत होता. म्हणाला, इतकं नीट समजावणारा माणूसच हवा होता. मशिन कसं वापरायचं ते गिऱ्हाइकांना तूच शिकव. टाळ्या मीच सुरू केल्या. शिफ्ट्स कापू नका, हे सांगायचं राहिलं. पुढच्या मिटिंगला.

१४ नोव्हेंबर
नवा बॅज. बायकोला म्हटलं, प्रमोशन. पद्मजाने विचारलं, "मग खुर्ची मिळाली का?" नाही.

२५ नोव्हेंबर
एक आजोबा हट्टाने तेरेसाच्याच लाइनीत उभे राहायचे. आज त्यांनाही मशिनकडे वळवलं. केळ्यांचं वजन स्वतः केलं त्यांनी! तेरेसा माझ्याकडे बघत होती. कौतुकानेच असणार.

२ डिसेंबर
तेरेसाच्या शिफ्ट्स निम्म्यावर. माझ्या टेबलाशी कोणी बसत नाही. संशोधकाला अंतर ठेवावंच लागतं. मायक्रोवेव्हपाशी सगळे उभे होते, म्हणून डबा गारच खाल्ला.

९ डिसेंबर
तेरेसाला गाठलं. म्हटलं, माझा हेतू तसा नव्हता. ती म्हणाली, "सर, त्या दिवशी छान बोललात. फक्त आमच्याबद्दल काही बोलला नाहीत." उद्या कॉन्रॅडशी स्पष्ट बोलणार.

१० डिसेंबर
कॉन्रॅड बिझी होता. मीही बिझी झालो.

५ जानेवारी २०१८
बोललो एकदाचा! तेरेसाच्या शिफ्ट्स परत द्या म्हटलं. तो म्हणाला, ती तर कालच सोडून गेली. आणि बरं झालं आलास, गिऱ्हाइकं आता सगळी शिकली, या महिन्यानंतर तुझी गरज लागणार नाही. पाठ थोपटली. "यू आर अ ग्रेट टीचर."

२३ जानेवारी
तेरेसाचा फोन. ती आता वृद्धांच्या एका केअर होममध्ये कामाला आहे. तिथे लॉन्ड्रीत माणूस हवाय, नाव सुचवू का म्हणाली. मी म्हटलं, सध्या पेपर लिहितोय. "बरं," म्हणाली. पद्मजा समोरच उभी होती. तिने पेपरची कोरी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. मग मीच उलटा फोन केला.

तेरेसा म्हणाली, "सोमवारी या. धुवायला मशिन आहे सर, पण चादरींच्या घड्या हातानेच घालायच्या. येतात ना?"

हो म्हटलं.

पद्मजाने बेडवरची चादर ओढून हातात दिली आहे. कोपरे जुळत नाहीत.