टाकळा आणि चिखलाची चप्पल

देवास. आषाढ, रविवार संध्याकाळ.

खोटं बोलले मी, आणि तेही टाकळ्याच्या भाजीवरून! सकाळी मागच्या रिकाम्या प्लॉटवर उगवलेल्या टाकळ्याचे कोवळे शेंडे खुडले, मुगाची डाळ घालून भाजी केली. पुण्याहून आलेल्या वन्संनी दोनदा मागून घेतली. "कुठं मिळाला गं टाकळा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सब्जीमंडीत." का बोलले असं? पुणेकरणीला रान खाऊ घातलं म्हणून लाज वाटली? हे स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "बता दे ना, क्या फर्क पड़ता है!" नाहीच सांगितलं. आणि चिखलानं भरलेली माझी चप्पल दारातच पडलेली.

चहाच्या वेळी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, उद्या मलाही ने तुझ्या मंडीत." माझी नजर दारातल्या चपलेकडे गेली, तर वन्संची नजरही तिथंच! खो खो हसत सुटल्या. "अगं, मी याच घरात वाढले. आईसुद्धा टाकळा खुडून आणायची आणि पाहुण्यांना मंडीच सांगायची!"

आत्ता पाहिलं, माझ्या चपलेशेजारी त्यांनी आपलीही काढून ठेवलीय. उद्या टाकळा खुडायला काढलेली त्यांची पिशवी मात्र माझ्या पिशवीहून मोठी.