कुणाच्या तरी आईसाठी

चिरंजीव जावईबापू यांस अनेक आशीर्वाद.

उन्हाळाभर नातवंडे सांभाळावीत म्हणून मी या परमुलखात आलो. आपण धर्मकार्यासाठी डोंगरापलीकडे गेलात आणि येथला एकुलता एक डॉक्टरही बरोबर नेलात. इकडे माझ्या लेकीला सातव्या महिन्यातच अंधारी येते. पाय सुजून चपलेत मावत नाहीत. "त्यांना कळवलंत तर माझी शपथ आहे, बाबा. तिथे रोगाची साथ आहे, लोकांना त्यांची गरज आहे," असे तिने बजावले. म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

प्रार्थनेत स्वतःच्या घरासाठी काही मागायचे नाही, हा आपण मुलांना घालून दिलेला नियम. काल जेवणापूर्वी धाकटा म्हणाला, "देवा, कुणाच्या तरी आईचे पाय सुजलेत. तिला बरं कर."

थोरलीने डोळे वटारले. "कुणाच्या रे?"

"आहे एक. तू नाही ओळखत."

लेकीने भिंतीकडे तोंड फिरवले.

जावईबापू, मी हात टेकले आहेत. आपण परक्यांसाठीच मागता ना? मग आज एका परक्या म्हाताऱ्याच्या मुलीसाठी मागा, आणि देवाच्या उत्तराची वाट न पाहता डॉक्टरांना घेऊन घरी या.

आपला अगतिक,
मुलीचा बाप